पाठविलेली फाइल आणि पोहोचलेली फाइल

इंदूरच्या एखाद्या जुन्या मराठी ग्रंथालयाची कल्पना करा. तेथील ग्रंथपालांनी तीन वर्षे खपून, हस्तलिखित नोंदवह्यांवरून, आपल्या संग्रहातील दुर्मिळ ग्रंथांची सूची संगणकावर उतरविली आहे. काही नोंदवह्यांची पाने वाळवीने खाल्ली असल्यामुळे त्यांतील मजकूर आता या सूचीतच काय तो उरला आहे. पुण्याच्या एका अभ्यासकाला ती सूची हवी आहे, आणि तिच्याबरोबर काही मुखपृष्ठांची छायाचित्रेही हवी आहेत. ग्रंथपाल सर्व सामग्री ई-मेलला जोडून पाठवितात. दुसऱ्या दिवशी ई-मेल परत येते. मग छायाचित्रे मोबाइलवरून व्हॉट्सअॅपने जातात. ती पोहोचतात, पण त्यांतील बारीक अक्षरे लागत नाहीत. तिसऱ्या खेपेस एकटी सूची ई-मेलने जाते आणि पोहोचते. परंतु उघडून पाहावे तो प्रत्येक मराठी शब्दाच्या जागी रोमन अक्षरे, चलनचिन्हे आणि ठिपके यांची रांग दिसते! अभ्यासक दोनचार ओळींतील निरर्थक वाटणाऱ्या मोकळ्या जागा पुसून पाहतात, काही साधत नाही असे पाहून फाइल जतन करून बंद करतात, आणि इंदूरला कळवितात की, फाइल वाटेत खराब झाली.

या हकिकतीत सूचीची फाइल खरोखर खराब झाली ती एकदाच, आणि तीही वाटेत नव्हे. ती पुण्यास, अभ्यासकांच्या मेजावर, जतन करण्याची कळ दाबली गेली त्या क्षणी खराब झाली. तोपर्यंत तिच्यातील एक अंकही बदलला नव्हता. हे कसे, ते समजण्यासाठी फाइल म्हणजे काय येथून आरंभ केला पाहिजे.

फाइलचे स्वरूप

संगणकाच्या दृष्टीने प्रत्येक फाइल ही संख्यांची एक लांबच लांब माळ असते. माळेतील प्रत्येक मण्यास बाइट म्हणतात, आणि त्याचे मूल्य ० ते २५५ यांपैकी कोणतीही एक पूर्ण संख्या असते. पत्र, छायाचित्र, गाणे, जमाखर्चाचा तक्ता, सर्वांचे अंतरंग असेच. अमुक माळ हे पत्र आहे की चित्र आहे, हे माळेत लिहिलेले असतेच असे नाही. ते वाचणाऱ्याने ठरवावयाचे असते, आणि त्यासाठी त्याच्यापाशी योग्य संकेत असावा लागतो.

ग्रंथालयात काम करणाऱ्यांना ही गोष्ट सहज उमजेल. पुस्तकाच्या पाठीवरील ५१० हा अंक ड्यूई यांची दशांश पद्धती जाणणाऱ्याला 'गणित' असे सांगतो. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेली द्विबिंदू वर्गीकरण पद्धती जेथे चालते, तेथे गणिताची खूण 'बी' हे रोमन अक्षर होय. एका ग्रंथालयाच्या खुणा दुसऱ्या पद्धतीने वाचल्या तर सारा गोंधळ होईल. पण म्हणून पुस्तक फाटले असे कोणी म्हणणार नाही. फाइलीच्या बाबतीत मात्र आपण तसे सर्रास म्हणतो.

वाटेत काय होते

इंटरनेटवरून फाइल जाते ती अखंड जात नाही. तिची लहान लहान पुडकी बांधली जातात. एका पुडक्यात साधारणपणे दीड हजार बाइटांपर्यंत मजकूर मावतो. प्रत्येक पुडक्याबरोबर त्यातील संख्यांवरून गणिताने काढलेला एक पडताळ्याचा अंक जोडलेला असतो. पलीकडचा संगणक तोच अंक पुन्हा काढून पाहतो, आणि मेळ बसला नाही तर ते पुडके नाकारतो. पोच मिळाली नाही की पाठविणारा संगणक ते पुडके पुन्हा रवाना करतो. हे काम मनुष्याच्या नकळत चाललेले असते. 'लाइन खराब होती म्हणून अक्षरे बिघडली' ही समजूत तारायंत्राच्या काळी रास्त होती. आज ती क्वचितच खरी ठरते. खराब लाइनमुळे फाइल हळू जाईल, अर्ध्यावर थांबेल. पण तिच्यातील 'क'चा 'ख' होणे जवळजवळ अशक्य आहे.

मग फाइल बदलते कोठे? एक यंत्रणा संपून दुसरी सुरू होते तेथे, आणि तीही बहुधा मदत करण्याच्या हेतूने! याचे जुने उदाहरण फाइल-प्रेषणाच्या पहिल्या नियमावलीतच आहे. 'एफटीपी' या नावाने पुढे जगभर रूढ झालेली ही नियमावली एप्रिल १९७१ मध्ये प्रथम मांडली ती अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून पदवी घेतलेले हे अभियंते त्या वेळी अमेरिकेत एमआयटी या संस्थेत होते. फाइल पाठविण्याच्या दोन रीती या पद्धतीत रूढ झाल्या: एक मजकुराची, दुसरी जशीच्या तशी. पहिलीची गरज का भासली, ते टंकलेखनयंत्र पाहिलेल्यास सांगावे लागणार नाही. ओळ संपली की त्या यंत्रावर दोन क्रिया होतात: गाडा उजवीकडे ढकलून लेखन पुन्हा ओळीच्या आरंभी आणणे, आणि कागद एक ओळ वर सरकविणे. दूरमुद्रकात या क्रियांना स्वतंत्र संकेत होते. त्यांचे अंक १३ आणि १०. काही संगणकांनी ओळीच्या शेवटी दोन्ही अंक लिहिण्याची प्रथा ठेवली, तर काहींनी केवळ १० पुरेसा मानला. मजकुराच्या रीतीने फाइल पाठविली असता हा फरक वाटेतच मिटविला जातो. पत्राच्या बाबतीत ही सोय झाली. परंतु छायाचित्रात १० ही संख्या ओळीचा शेवट नसून रंगाची एखादी छटा असते. तेथे मध्येच एक १३ घुसला की चित्र संपलेच.

चित्रांसाठी १९९६ मध्ये निश्चित झालेल्या 'पीएनजी' या प्रकाराच्या रचनाकारांनी या अपघातावर मोठी मार्मिक युक्ती योजिली आहे. अशा प्रत्येक फाइलीचे पहिले आठ बाइट ठरलेले असतात: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. मधले तीन म्हणजे या प्रकाराचे रोमन नाव. पण १३ व १० मुद्दाम घातले आहेत. कोणी ओळींच्या शेवटांशी खेळ केला असेल, तर हे आठ अंक प्रथम बिघडतात आणि फाइल उघडू पाहणाऱ्या संगणकाला पहिल्या पावलालाच चोरी कळते. १२७ पेक्षा मोठी संख्या वाहून नेऊ न शकणाऱ्या वाटेने फाइल गेली असेल, तर पहिला १३७ टिकत नाही. पाकिटावर लाखेची मोहोर करावी, तसे हे आहे.

ई-मेल परत का आली

१२७ पेक्षा मोठी संख्या न नेणारी वाट, हे कोडे वाटेल. पण ई-मेलची मूळ वाट तशीच होती. १९६३ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या 'अॅस्की' या संकेतात ० ते १२७ एवढेच अंक होते. इंग्रजी अक्षरे, आकडे व विरामचिन्हे यांत मावत, आणि देवनागरीचा विचार तेथे कोणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. १९८२ मध्ये निश्चित झालेले ई-मेलचे नियम याच संकेतावर उभारले गेले. छायाचित्र अशा वाटेने कसे पाठवावे, याचे सर्वमान्य उत्तर १९९२ मध्ये नेथेनियल बोरेन्स्टाइन व नेड फ्रीड यांनी दिले. त्यांच्या 'माइम' या पद्धतीत फाइलीचे तीन तीन बाइट घेऊन त्यांच्या जागी चार साधी रोमन अक्षरे लिहितात. पलीकडे उलट क्रिया होऊन मूळ बाइट हाती येतात. आजही ई-मेलला जोडलेल्या बहुसंख्य फाइली याच वेषात प्रवास करतात.

वेषांतराचा खर्च मात्र आहे. तिनाचे चार झाले, शिवाय ठरावीक अंतरावर ओळ तोडावी लागते. तेव्हा फाइल सुमारे ३७ टक्क्यांनी फुगते. २० मेगाबाइटांची फाइल वाटेत २७ मेगाबाइटांच्या पुढे जाते. अनेक ई-मेल सेवांची मर्यादा २५ मेगाबाइटांच्या आसपास आहे, आणि काही ठिकाणी ती फुगलेल्या आकारावर मोजतात. म्हणून 'माझी फाइल तर मर्यादेच्या आतच होती' अशी तक्रार करणारा मनुष्य खोटे बोलत नसतो. सुमारे १८ मेगाबाइट हीच सुरक्षित सीमा समजावी.

परत आलेल्या ई-मेलबरोबर इंग्रजीत एक रुक्ष निवेदन येते. ते न वाचता पुसून टाकण्याची आपल्याला सवय आहे. वस्तुतः सारा उलगडा त्यातच असतो. त्यात तीन आकड्यांची एक संख्या शोधावी. पहिला आकडा ४ असेल तर अडचण तात्पुरती आहे. पाठविणारी यंत्रणा आपण होऊन काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत राहते, आणि आपण उतावळेपणाने तीच फाइल पाच वेळा पाठविली तर पुढे पाच प्रती पोहोचतात. पहिला आकडा ५ असेल तर नकार कायमचा आहे. ५५० ही संख्या बहुधा पत्ता चुकल्याचे किंवा ती पेटी अस्तित्वात नसल्याचे सांगते, तर ५५२ ही आकार वा साठा मर्यादेबाहेर गेल्याचे. पत्ता चुकलेला असताना फाइल लहान करीत बसणे, किंवा फाइल मोठी असताना पत्ता तपासत बसणे, यात किती वेळ जातो ते प्रत्येक कार्यालयाला ठाऊक आहे.

मोठी फाइल पाठविण्याचा सरळ उपाय म्हणजे ती एखाद्या सामायिक साठ्यात ठेवून तिचा दुवा पाठविणे. तसे करताना तो दुवा समोरच्या व्यक्तीस उघडण्याची परवानगी दिली आहे की नाही, हे पाहण्यास लोक विसरतात. झिप करून आकार घटेल, ही आशा छायाचित्रांच्या बाबतीत व्यर्थ होय. ती आधीच दाबून बसविलेली असतात. फाइल चढण्यास लागणाऱ्या वेळाचा हिशेबही करून पाहावा. जोडणीचा वेग मेगाबिटांत सांगतात, फाइल मेगाबाइटांत. एका बाइटात आठ बिट असतात. सेकंदास २ मेगाबिट चढविणाऱ्या जोडणीवर २५ मेगाबाइटांना निदान १०० सेकंद लागणार. दहाव्या सेकंदाला 'अडकले' म्हणून बंद करणारा मनुष्य दर वेळी पहिल्यापासून आरंभ करतो.

छायाचित्रांतील बारीक अक्षरे

ग्रंथपालांचा दुसरा प्रयत्न फसला त्याचे कारण थोडक्यात सांगता येईल. व्हॉट्सअॅपवर छायाचित्र छायाचित्र म्हणून पाठविले असता ते प्रथम लहान केले जाते व दाबले जाते. माणसाचा चेहरा त्यातून सुखरूप निघतो. पण जुन्या मुखपृष्ठावरील मुद्रणालयाचे नाव आणि शके यांसारखा बारीक ठसा फिकट होऊन एकमेकांत मिसळतो. आणि हे गेलेले तपशील पुण्यास कोणत्याही उपायाने परत मिळत नाहीत. तेच चित्र 'दस्तऐवज' म्हणून जोडल्यास जसेच्या तसे जाते. अशा रीतीने पाठविण्याची मर्यादा २०२२ मध्ये १०० मेगाबाइटांवरून २ गिगाबाइटांपर्यंत वाढविण्यात आली. आयफोनवर काढलेले छायाचित्र जुन्या संगणकावर मुळीच उघडले नाही, तर त्याचा प्रकार पाहावा: २०१७ पासून ते फोन 'एचईआयसी' या नव्या प्रकारात चित्रे साठवू लागले, आणि जुन्या संगणकांना तो प्रकार परिचित नसतो. चित्र तेथे निरोगी असते; फक्त ते उघडणारे कोणी नसते.

बिघडलेल्या अक्षरांचे निदान

आता मुख्य प्रश्न: सूचीचे काय झाले? बिघडलेले मराठी सर्वत्र एकसारखे बिघडत नाही. त्याचे निरनिराळे प्रकार आहेत, आणि वैद्य जशी जीभ व नाडी पाहून रोग ओळखतो, तसे नुसत्या दर्शनावरून पुष्कळ ओळखता येते.

आज देवनागरीसाठी युनिकोड हा संकेत वापरतात. त्याचा पहिला खंड १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. देवनागरी अक्षरांचा त्यातील क्रम भारतात आधी तयार झालेल्या 'इस्की' या संकेतावरून घेतला आहे. युनिकोडमध्ये 'क'चा अंक २३२५. ही संख्या एका बाइटात मावत नाही. म्हणून 'यूटीएफ-८' या पद्धतीने तिच्याऐवजी २२४, १६४, १४९ असे तीन बाइट लिहितात. आता समजा, पुण्याच्या संगणकाला ही पद्धत वापरली आहे हे कोणी सांगितलेच नाही, आणि त्याने पश्चिम युरोपीय भाषांच्या संकेताने एकेक बाइट सुटा वाचला. त्या संकेतात २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेले लहान रोमन 'ए' अक्षर, १६४ म्हणजे चलनाचे एक सर्वसाधारण चिन्ह, आणि १४९ म्हणजे ठळक ठिपका. 'मराठी' या शब्दात पाच संकेत आहेत. त्यांच्या जागी पंधरा खुणा उमटतात आणि दर तिसरी खूण तेच रेघ असलेले 'ए' असते. अर्ध्याअधिक अक्षरांत त्यामागे चलनचिन्ह येते, बाकीच्यांत जपानी येनचे चिन्ह. हा ताल एकदा पाहिला की पुन्हा चुकत नाही. आणि तो दिसला तर वाचकाने निःशंक व्हावे, फाइल पूर्ण निरोगी आहे. तिला केवळ 'यूटीएफ-८' या संकेताने पुन्हा उघडावयाचे आहे.

सूचीची फाइल 'सीएसव्ही' या साध्या तक्त्याच्या प्रकारात असेल आणि तिच्यावर दोनदा टिचकी मारून ती एक्सेलमध्ये उघडली असेल, तर हा प्रसंग हमखास येतो. तेथे फाइल थेट न उघडता 'डेटा' या विभागातून आत घ्यावी, आणि मूळ संकेत विचारला जातो तेथे ६५००१ हा क्रमांक निवडावा. तो यूटीएफ-८ चा क्रमांक होय. पाठविणाऱ्याने जतन करतानाच 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा पर्याय निवडला असता तर हे टळले असते.

अभ्यासकांनी मोकळ्या जागा पुसल्या, हे मात्र वाईट झाले. 'मराठी'मधील 'ठ' लिहिताना शेवटचा बाइट १६० असतो, आणि पश्चिम युरोपीय संकेतात १६० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. ती निरर्थक नव्हती. तोच 'ठ'चा तिसरा भाग होता. ती पुसताच त्या ठिकाणचा 'ठ' कायमचा गेला. याहून सूक्ष्म धोका दुसरा आहे. त्या संकेतात १२९, १४१, १४३, १४४ व १५७ या पाच बाइटांना कोणतेही चिन्ह नेमलेले नाही. काही कार्यक्रम ते मुकाट्याने पुढे नेतात, तर काही गाळतात किंवा बदलतात. मराठीचे दुर्दैव असे की, पहिला उकार १२९ ने संपतो आणि पायमोडी म्हणजे हलन्ताची खूण १४१ ने. म्हणजे अशा कार्यक्रमात फाइल जतन केली, तर सर्वांआधी ऱ्हस्व उकार आणि जोडाक्षरे नष्ट होतात. 'ए', 'ऐ' आणि 'झ' ही अक्षरेही त्यांच्याबरोबर जातात. पुढे कोणी योग्य संकेताने ती फाइल उघडली तरी 'पुस्तक' हा शब्द सांगाडा होऊन समोर येतो.

दुसरा प्रकार साध्या प्रश्नचिन्हांचा. अक्षराअक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह दिसत असेल, तर प्रकरण गंभीर आहे. ज्या संकेतात देवनागरी नाही, त्या संकेतात कोणीतरी मजकूर जतन केला आणि मावले नाही त्या प्रत्येक अक्षराऐवजी संगणकाने ६३ हा अंक लिहून ठेवला, असा त्याचा अर्थ. विंडोजमधील नोटपॅड २०१९ पूर्वी नवी फाइल अशाच जुन्या संकेतात जतन करण्याचे आपण होऊन सुचवीत असे, आणि पुढे येणारा इशारा न वाचता मान्य करणाऱ्यांचे कितीतरी मराठी लेखन असे गेले. येथे फॉन्ट बदलून वा संकेत बदलून काहीएक साधत नाही. मूळ प्रत पुन्हा मागवावी, हा एकच मार्ग. चौकटीच्या आतील पांढरे प्रश्नचिन्ह दिसत असेल तर गोष्ट निराळी. ते 'हा बाइट मला वाचता आला नाही' असे सांगणारे पडद्यावरचे चिन्ह असते. फाइल न जतन करता बंद केल्यास मूळ बाइट बहुधा सुरक्षित राहतात.

रिकाम्या चौकोनांची भीती बाळगण्याचे कारण नाही. अक्षरे बरोबर ओळखली गेली आहेत, पण त्यांची आकृती काढणारा फॉन्ट त्या यंत्रावर नाही, एवढेच ते सुचवितात. फॉन्ट बसविला की काम झाले.

उरला तो प्रकार महाराष्ट्रातील व महाराष्ट्राबाहेरील मराठी संस्थांना सर्वांत जास्त छळणारा. पडद्यावर रोमन अक्षरे आहेत, परंतु वर सांगितलेला ताल त्यांत नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपल्याकडे बहुतेक मराठी टंकलेखन अशा फॉन्टांत होत असे की, जे रोमन अक्षराचाच अंक साठवीत आणि पडद्यावर मात्र देवनागरी आकृती काढीत. कृती देव या फॉन्टात 'क' रेमिंग्टन यंत्राप्रमाणे 'डी'च्या कळीवर, काना 'के'च्या कळीवर आणि 'म' 'ई'च्या कळीवर असल्यामुळे 'काम' हा शब्द फाइलीत 'डी-के-ई' असा साठविला जातो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ही तीन रोमन अक्षरेच दिसणार. पहिली वेलांटी अशा फॉन्टांत डोळ्यांना दिसते त्या क्रमाने, म्हणजे अक्षराच्या आधी, लिहितात. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने, अक्षरानंतर. म्हणून एकास एक अदलाबदल करून भागत नाही. शिवाय श्री-लिपी, शिवाजी, सी-डॅकचे फॉन्ट, प्रत्येकाची मांडणी निराळी. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने इस्की हा सामाईक संकेत प्रमाण ठरविला होता. तरी छपाईच्या व्यवहारात ज्याचा त्याचा फॉन्ट हाच प्रमाण राहिला. परिणामी जुन्या स्मरणिका, इतिवृत्ते, शब्दसूची यांच्या फाइली आज जेथे पडून आहेत, तेथे 'हा कोणता फॉन्ट?' या प्रश्नाचे उत्तर अनेकदा टंकलेखन करणाऱ्या व्यक्तीखेरीज कोणालाच ठाऊक नसते. फॉन्टचे नाव कळले तर त्यासाठी तयार केलेल्या रूपांतरकाने मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. रफार आणि जोडाक्षरे मात्र नंतर डोळ्यांखालून घालावी लागतात. असा मजकूर परक्या यंत्रावर केवळ वाचावयाचा असेल, तर पाठविणाऱ्याने त्याची पीडीएफ करून सोबत द्यावी. तिच्यात फॉन्टच्या आकृती बरोबर नेता येतात.

नाव, आडनाव आणि पहारेकरी

फाइलीच्या नावामागील टिंब व त्यापुढील तीनचार अक्षरे हे तिचे आडनाव. आडनाव बदलल्याने मनुष्य बदलत नाही, तद्वतच फाइलही बदलत नाही. 'जेपीजी' हे नाव पुसून 'पीडीएफ' लिहिले तर पीडीएफ होत नाही, फक्त उघडणारा गोंधळतो. ई-मेल सेवा काही आडनावांच्या फाइली, विशेषतः संगणकाला हुकूम देणारे कार्यक्रम, मुळीच स्वीकारीत नाहीत. झिपमध्ये दडविल्या तरी नाही. याचा राग येणाऱ्यांनी मे २००० मधील प्रसंग आठवावा. प्रेमपत्र असल्याचे भासविणारी एक फाइल ई-मेलमधून जगभर पसरली. तिचे खरे आडनाव कार्यक्रमाचे होते. पण विंडोज परिचित आडनावे लपवून ठेवीत असल्यामुळे ती साध्या मजकुराची वाटे, आणि लोकांनी ती विश्वासाने उघडली. आडनावे लपविण्याची ही रीत विंडोजमध्ये अजूनही आहे. ती बंद करून घ्यावी.

इंदूरची सूची

आता पुन्हा त्या दोघांकडे येऊ. पुण्यास जतन केलेली प्रत बिघडली आहे. आणि मोकळ्या जागा पुसण्यानेच बिघडली आहे असे नाही. सीएसव्ही थेट उघडताना एक्सेल ०००४७ या दाखल क्रमांकाचा ४७ करतो, आणि तिसऱ्या खंडाचा चौथा भाग म्हणून लिहिलेल्या ३-४ ची तारीख करून टाकतो. पडद्यावर हे केवळ दर्शन असते. जतन करताच ते सत्य होऊन बसते. या सवयीपुढे शास्त्रज्ञांनीही हात टेकले आहेत: मानवी जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने, 'मार्च' व 'सप्टें' अशा आरंभाच्या नावांच्या तारखा होतात म्हणून, ती नावेच बदलल्याचे २०२० मध्ये जाहीर केले.

परंतु अभ्यासकांच्या ई-मेलमध्ये जोडलेली मूळ फाइल अद्याप तशीच आहे. त्यांनी बिघडविली ती तिची उतरवून घेतलेली प्रत. त्यांनी ती प्रत बाजूस ठेवावी, जोडलेली फाइल पुन्हा उतरवून घ्यावी, आणि उघडण्यापूर्वी तिचे गुणधर्म पाहून आकार बाइटांत टिपून घ्यावा. इंदूरकडील आकारात आणि यात एका बाइटाचाही फरक असेल, तर फाइल अपुरी वा बदललेली आहे. आकार जुळला तरी मन साशंक असेल तर 'शा-२५६' या पद्धतीचा ठसा दोन्हीकडे काढावा. लहानमोठ्या कोणत्याही फाइलीचा हा ठसा चौसष्ट चिन्हांचा असतो, आणि फाइलीतील एक बाइट बदलला तरी तो ओळखू न येण्याइतका पालटतो. तो काढण्याचे साधन आजच्या संगणकांत आधीच असते. ठशाची पहिली आठ आणि शेवटची आठ चिन्हे दूरध्वनीवर वाचून ताडून पाहिली, की नकळत झालेला बदल सुटून जाण्याची भीती व्यवहारतः उरत नाही. त्यानंतर फाइल ६५००१ या संकेताने आत घ्यावी, दाखल क्रमांकांचा स्तंभ संख्या म्हणून न घेता मजकूर म्हणून घ्यावा, आणि काही दुरुस्ती करावयाची असल्यास ती निराळ्या नावाने जतन करावी. ग्रंथपालांनी आपली प्रत, पुण्याहून हे सारे जुळल्याचे कळेपर्यंत, हलवू नये. आणि वाळवीने सोडलेली नोंदवहीची पाने तर त्यानंतरही जपून ठेवावीत.